पाचव्या कडव्याची जागा

रविवार, ३ मार्च

प्रिय पिपाणीस,

ताईचा आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर बघून ओळखलंच असशील. चौथीपर्यंतचं अक्षर ते, पुढे त्याने काही प्रगती केली नाही, तेव्हा चुका सांभाळून घे. सव्वीस वर्षांनी लिहितेय म्हणून घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फक्त माझे गुडघे संपावर गेलेत, पण ते तसेही कधी माझ्या बाजूचे नव्हतेच.

पिपाणी म्हटलं म्हणून तोंड वाकडं करू नकोस. तुझ्या गळ्याला सगळं गाव बासरी म्हणायचं, घरात एका तरी माणसाने खरं बोलायला नको?

पत्राला कारण आपली नात. म्हणजे माझी नात, लेकीची लेक, पण तू ज्या पद्धतीने तिला तीन दिवस ठेवून घेतलंस त्यावरून तुझीच म्हणायची वेळ आली आहे. पोरगी तुझ्याकडून परत आली ती नुसती मावशीआजी, मावशीआजी. मावशीआजी सकाळी उठून खिडकीत उभी राहून गुणगुणते. मावशीआजीचा श्वास बघ किती लांब. मी म्हटलं, माझाही लांब आहे, जिना चढताना ऐक.

तर ती करतेय काय ते सांगते, म्हणजे तुलाही कळेल की माझ्या घरात काय काय चालतं. ती सॅक्सोफोन वाजवते. पितळी, वाकडं, पाईपसारखं. पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा मला वाटलं नळवाल्याचं काहीतरी राहिलं. आता ऐकलं की अंगावर काटा येतो, आणि मी सांगते म्हणून नाही, शेजारीण भांडायला आली होती ती दारातच बसून ऐकत राहिली. तिच्याबरोबर दोघे आहेत. एक ढोलवाला, तो काठ्यांऐवजी केरसुणीसारख्या तारांच्या ब्रशांनी वाजवतो, त्याला मी झाडूवाला म्हणते. दुसरा माणसाच्या उंचीचं व्हायोलिन मिठी मारून वाजवतो, त्याला खांब. दोघेही चांगले आहेत, जेवून जातात.

तर या तिघांनी पणजोबांच्या हस्तलिखित वहीतलं ते हिब्रू स्तोत्र घेतलंय, शब्बाथच्या स्वागताचं, आठ कडव्यांचं, जे बाबा म्हणायचे. त्याला जॅझ लावायचं. प्रार्थनाघरात, खरोखरच्या प्रार्थनेत. शुक्रवारी, एकोणतीस तारखेला, शब्बाथ लागायच्या आधी. सूर्य मावळला की शनिवारचा विसावा सुरू, त्याच्या आत वाद्यं पेटीत गेली पाहिजेत, अशी नव्या हज्जानने, आता बाबांच्या जागी प्रार्थना चालवतो त्याने, अट घातली. हा हज्जान तरुण आहे, चष्मेवाला, बाबांसारखी दाढी नाही, पण त्याने परवानगी दिली म्हणून मी त्याची दाढी माफ केली. जुनी मंडळी कुरकुरली. एकाने विचारलं, देवाला जॅझ कळतं का? हज्जान म्हणाला, देवाला तुमचं गाणं इतकी वर्षं कळतंय, तर हेही कळेल.

अडलंय ते पाचव्या कडव्यावर. तुला काय सांगायचं. वहीतली ती दोन पानं आपण लहान असताना जी चिकटली ती चिकटलीच. बाकी सात कडवी वहीत आहेत, सुरावट जुन्या माणसांच्या कानात आहे. पाचवं तेवढं कुठेच नाही, छापील पुस्तकांतही नाही. ते बाबांनी एकट्या तुझ्याकडून घोकून घेतलं होतं. पोरगी म्हणते तू नुसतं गुणगुणून दाखवलंस, शब्द काढले नाहीस. म्हणालीस, शब्द काढीन ते बाबांच्या जागी उभं राहून, आणि येईन ते ताईने स्वतःच्या हाताने लिहून बोलावलं तर.

तर हे पत्र ते नव्हे. हे नुसतं खुशालीचं आहे.

तुझी,
ताई

मंगळवार, १२ मार्च

पिपाणे,

उत्तर नाही आलं. नको देऊस. मला लिहायची हौस आली आहे असं समज.

काल मी सरावाला गेले होते. नात म्हणाली होती, आजी, मावशीआजीचं उत्तर येईपर्यंत पाचव्याच्या जागी आम्ही रिकामं वाजवतो. मी म्हटलं, रिकामं कशाला? मी काय मेलेय? मीही बाबांचीच लेक ना, तू एकटीच नाहीस. शब्द नसतील, पण बाबा पानं चिकटल्यावर जसे तोंड मिटून नुसता सूर धरायचे तसा धरीन की.

तुला आठवतं ना, तोंड मिटून. बाबांचा नेम होता, अक्षर डोळ्यांपुढे असल्याशिवाय देवापुढे शब्द काढायचा नाही. पाठ असलं तरी नाही. एक मात्रा चुकली तरी ती देवाच्या तोंडावर चूक. म्हणून पान चिकटलं त्या दिवसापासून ते गेले त्या दिवसापर्यंत, एकवीस वर्षं, पाचवं कडवं आलं की बाबा पुस्तकस्टँडवर दोन्ही हात ठेवून नुसते हुं हुं करायचे. लोकांना वाटायचं तसंच असतं. नातीला हेच फार आवडलं. ती म्हणते, आजी, जॅझमध्ये मधेच अशी जागा मोकळी सोडतात, तिथे ज्याला जे मनात असेल ते तो वाजवतो. तुमच्या बाबांनी ही जागा आधीच करून ठेवली होती. मी नुसती मान हलवली.

तर मी उभी राहिले आणि म्हटलं. दोन ओळी झाल्यावर खांब फारच लक्ष देऊन आपल्या तारा जुळवायला लागला. झाडूवाला म्हणाला, "आजी, तुमचा ताल फार पक्का आहे." गळ्याबद्दल माणूस काही बोलला नाही की समजायचं. नात मला जवळ घेऊन म्हणाली, तू हाताने काय करत होतीस ते परत कर.

मी काही करत नव्हते गं. सूर धरला की माझा हात आपोआप चालतो. आपल्या पुस्तकबांधणीच्या टेबलावर मी फर्मे, ते मोठे छापील कागद, दुमडायचे ना, कागद ओढला सर्र, घडी घातली, वरून हाडाची पट्टी फिरवली टक्क, आणि बाजूला सारला. बाबा खळ ढवळत स्तोत्राचा सराव करायचे आणि मी दुमडत राहायचे. तर म्हणे स्तोत्राचा ताल आणि माझा ताल एकच. झाडूवाल्याने ब्रशांनी ते सर्र-टक्क उचललं. खांबाने खालून धरलं. नातीने वाकडा पाईप तोंडाला लावला. पिपाणे, काय सांगू, पुठ्ठे आणि दोरे यांतलं माझं सगळं बालपण प्रार्थनाघरात फिरायला निघालं. मी खुर्चीत बसून चौऱ्याहत्तर वर्षांच्या वयात पाय हलवले.

घरी येताना मात्र वाटलं, ताल कोण ऐकतं? बाबाच म्हणायचे ना, थोरलीचा हात आणि धाकटीचा गळा. पाहुणा आला की गळ्याला बाहेरच्या खोलीत बोलवायचे. हाताला कोणी बोलावलं नाही. हात आत खळ ढवळत राहायचा.

आणि तुझ्यासाठी त्यांनी फरशीवर खडूने फुली मारून ठेवली आहे. बाबा उभे राहायचे बरोबर तिथे. माझ्यासाठी फुली नाही, मला खुर्ची.

ताई

रविवार, १७ मार्च

पिपाणे,

मी एक खोटं बोलले आहे, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी कळलेलं बरं. नातीने विचारलं, आजी, बोलावलंस ना? मी म्हटलं, हो. ती स्वयंपाकघरात नाचली. बाटलीतलं तेल सांडलं. दोन पत्रं लिहिली हे तिला माहीत आहे, आत काय लिहिलं ते माहीत नाही. तिने खडूची फुली परत ठळक केली. पुसट झाली होती. कारण गुरुवारी सराव संपल्यावर मी चपलेने पुसली होती.

हसू नकोस. मला हसू आलं नाही.

बरं, दुसरी गोष्ट. नात वही घेऊन एका बाईकडे गेली होती, जुने कागद दुरुस्त करणाऱ्या. मला बरोबर नेलं, वही माझी म्हणून. त्या बाईंनी हातमोजे घालून वही उघडली, पानं उजेडासमोर धरली. म्हणाल्या, वाफ दिली तर खळ सुटेल, पण शाई पाण्याची आहे, फुटेल. आत देवाचं नाव असेल तर तेही पुसेल. ते पुसायचं नसतं, हे त्यांना नातीने सांगितलं. बाई म्हणाल्या, मग नको. हेच बाबा आईला म्हणाले होते, तसंच, स्वयंपाकघराच्या दारात. वाफ द्यायची नाही, ओढायचं नाही. देवाचं नाव मिटलेलं राहिलं तरी चालेल, फाटलेलं नको.

परतताना नात म्हणाली, "काही बिघडत नाही, मावशीआजी येतेय ना." ती पुढे म्हणाली, "आजी, ती पानं चिकटली कशी? मावशीआजीला विचारलं तर ती म्हणाली, ताईला विचार."

मी म्हटलं, लहानपणी तुझी मावशीआजी पाव आणि मुरंबा घेऊन पुस्तकांवर बसायची.

पुन्हा तेच म्हटलं. बघ. सव्वीस वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तू वही मागितलीस, आणि मी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले की जिने नासवली तिलाच पाहिजे का. तू पिशवी उचललीस आणि गेलीस. चप्पल घालताना तुझा हात भिंतीला लागला होता, एवढं आठवतं. मी वही पदराखाली धरून उभी होते, आणि मला वाटत होतं मी जिंकले.

तीच वही आता कपाटातून माझ्याकडे बघते. हे काही बोलावणं नाही. मी थांबते, भाजी करपतेय.

ताई

गुरुवार, २१ मार्च

माझ्या धाकटे,

आज घरात कोणी नाही. नात सरावाला गेली, मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. आता जे लिहिते ते एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर भाजी करपल्याचं निमित्त सापडेल, आणि आज मी भाजी केलेली नाही.

पानं मी चिकटवली.

मी अकरा, तू नऊ. त्या आठवड्यात बाबा तुला पहिल्यांदा आपल्याशेजारी उभं करणार होते, पाचवं कडवं एकटीने म्हणायला. आईने तुझ्यासाठी निळा फ्रॉक शिवला. उरलेल्या कापडाचा मला रुमालाएवढा तुकडा दिला, टेबल पुसायला. आई विसरली असेल, मी विसरले नाही. बुधवारी दुपारी आई झोपली, बाबा कागद आणायला गेले. मी स्वयंपाकघरात वाटीत खळ केली, साध्या पिठाची. बाबांच्या डब्यातली घेतली नाही. त्यांच्या खळीत किडा लागू नये म्हणून मोरचूद असायचं, हिरवट रंग यायचा, लगेच कळलं असतं. बघ किती अक्कल. चौथीत नापास झाले ती मी नव्हेच.

आणि मी पूर्ण पान चिकटवलं नाही, धाकटे. फक्त कडा. गव्हाच्या दाण्याएवढी रुंद रेघ, चारी बाजूंनी, बारीक कुंचल्याने. आत अक्षरं कोरडी. मला पान नासवायचं नव्हतं, तुझा शुक्रवार तेवढा नासवायचा होता. मला वाटलं, पुढच्या आठवड्यात मी शोधून काढल्यासारखं करीन, पट्टीने सोडवीन, बाबा म्हणतील शाबास उजवा हात.

पण आईने त्याच दिवशी तुझ्या बोटांवर मुरंबा पाहिला आणि तुला मारलं. तू रडली नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंस. मी टेबल पुसत होते, निळ्या कापडाने.

मग कसं सोडवणार? पट्टीने अलगद सुटेल हे सांगायचं म्हणजे कोणी चिकटवलं ते सांगायचं. एक शब्द बोलले असते की पान उघडलं असतं. पुढे प्रत्येक शुक्रवारी बाबा हुं हुं करायचे आणि मी वर बायकांच्या सज्ज्यात बसून मोजायचे, आठ ओळी, संपल्या एकदाच्या. त्रेसष्ट वर्षं झाली.

आज सकाळी मी वही काढली. बाबांची हाडाची पट्टी माझ्याकडेच आहे, अर्धी झिजलेली. हाताला आपलं काम माहीत असतं. वरची कड सुटली, सर्र. माझी खळ पांढरी, कोरडी, पिठासारखी झडली. बाजूची सुटली. मग खालच्या कडेला पट्टी लावली आणि ती अडली. तिथे खळ घट्ट होती. वाकून बघितलं, चष्मा लावून बघितलं, खिडकीत नेऊन बघितलं.

ती हिरवट होती.

धाकटे, ती बाबांची खळ. त्यांनी ती कड सोडवली होती. पन्नास हजार पुस्तकं बांधलेली बोटं ती, पूर्ण पान चिकटलंय की नुसती कड हे त्यांना हात लावताच कळलं असणार. आणि अशी सरळ रेघ घरात कोण ओढू शकतं, तेही. मुरंबा म्हणे. त्यांनी उघडलं, आत पाहिलं, आणि आपल्या हाताने परत लावून टाकलं. कोणाला बोलले नाहीत. मलाही नाही. आणि पुढे एकवीस वर्षं उघडता येणारं पान पुढ्यात घेऊन तोंड मिटून उभे राहिले.

मला आधी काय वाटलं सांगू? खरं सांगते, आज खोट्याला जागाच नाही. मला आनंद झाला. वाटलं, बाबांनी एक तरी गोष्ट माझ्यासाठी केली. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. तुझ्या गळ्याच्या वरताण केली. अर्धा तास मी त्या आनंदात खुर्चीत बसून होते, चहा केला, साखर जास्त घातली.

मग चहा गार झाला. लक्षात आलं की त्यांनी मला झाकलं आणि तुला उघडं टाकलं. मार तुला बसला. नासवी तू ठरलीस. निळा फ्रॉक एकदाही न घालता लहान झाला. कदाचित ते वाट बघत असतील, मी आपणहून येऊन सांगेन, आणि मग ते तुला शेजारी उभं करतील. मी गेले नाही. मी उजवा हात होते ना, हाताला तोंड नसतं. त्यांचं चुकलं असं मी आज पहिल्यांदा म्हणते. माझं तर चुकलंच.

पाचवं कडवं आता उघडं आहे. अक्षरं जशीच्या तशी काळी कुळकुळीत. मला वाचता येत नाहीत, बांधून बांधून आकार तेवढे ओळखीचे. संध्याकाळी नात आली की तिला वही देणार आणि सगळं सांगणार, मुरंब्यासकट. ती काय म्हणेल याची भीती वाटते. तिच्यापुढे मी आजवर कधी वाईट नव्हते.

शब्द तिला वहीत मिळतील, म्हणजे तू आली नाहीस तरी कोणीतरी म्हणेल. हज्जान म्हणेल, त्याचा आवाज बरा आहे. तेव्हा अडून बसलंय म्हणून बोलावते असं नाही. आता काहीच अडलेलं नाही, म्हणून बोलावते.

तर हे ते पत्र. स्वतःच्या हाताने.

एकोणतीसला, शुक्रवारी, दुपारी ये. सूर्य मावळायच्या आत सगळं संपेल. नात न्यायला येईल. खडूची फुली मी आज दुपारी, सरावाच्या आधी जाऊन स्वतः मारून आले, जाड. वाकायला दहा मिनिटं लागली आणि उठायला हज्जान लागला. झाडूवाला माझा सर्र-टक्क वाजवील, पाचव्याला सगळे थांबतील, आणि तू म्हणशील.

माझं मन काही साफ झालेलं नाही, उगाच मोठेपणा घेत नाही. तू तोंड उघडलंस की सगळं प्रार्थनाघर तुझ्याकडे बघेल, नात बघेल, तिचे डोळे भरतील, आणि माझ्या पोटात नेहमीसारखीच आग पडेल. मी स्वतःला ओळखते. पण सव्वीस वर्षं मी ही आग एकटीने लांबून सांभाळली. आता गुडघ्यांना झेपत नाही.

पहिल्या रांगेत माझी खुर्ची आहे, फुलीपासून चार पावलं. ये, आणि मला जवळून जळू दे.

तुझी
ताई